लाल नाकाचा रुडॉल्फ: तुम्ही कुठे पाहिलात?

रुडॉल्फ म्हणजे चमकत्या लाल नाकामुळे सगळ्यांनी हिणवलेला आणि शेवटी त्याच नाकाच्या उजेडात सांताच्या गाडीला वाट दाखवणारा रेनडिअर. ६ डिसेंबर १९६४ ला एनबीसी वाहिनीवर पहिल्यांदा लागलेला त्याचा हा बाहुल्यांचा स्टॉप-मोशन कार्यक्रम अमेरिकेत आजही दर नाताळात लागतो. पाहिला असेल तर लिहा. आवडला नसेल तर जरूर लिहा!

न्यू जर्सी : नवीन आले तेव्हा शेजारच्या आजींनी हौसेने बोलावून दाखवला. मला त्यातला सॅम हा हिममानव लगेच ओळखीचा वाटला. अगदी कीर्तनकार! गोष्ट सांगता सांगता थांबतो, गाणं म्हणतो, पुन्हा कथेवर येतो. आवाज बर्ल आइव्ह्जचा. हा कार्यक्रम बनवणाऱ्या रँकिन-बास मंडळींच्याच १९७० च्या सांताच्या गोष्टीत ते काम पोस्टमनकडे आहे, आवाज फ्रेड अस्टेअरचा. सूत्रधार, गाणी, वादळामुळे अडचणीत आलेला नाताळ, शेवटी सुधारलेला राक्षस, सगळं ठरलेलं. तरी बघतेच.

पुणे : ॲनिमेशन शिकताना पाहिला. आवाज टोरांटोत रेकॉर्ड झाले आणि बाहुल्या हलवल्या जपानमध्ये, तादाहितो मोचिनागांच्या चमूने. पाय इवलासा सरकवायचा, फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायचा. चाल जरा अडखळते, पण मला तीच आवडते. आणि टायटल नीट बघा: रोमन आकड्यांतला एक 'एम' राहिल्यामुळे साल ११६४ झालंय.

शिकागो : आमच्या गावचाच हा रेनडिअर. १९३९ मध्ये इथल्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांच्या कंपनीसाठी रॉबर्ट मे यांनी तो एका पुस्तिकेत लिहिला. पण माझ्या मुलीला हा कार्यक्रम मुळीच पटत नाही. "बाप त्याच्या नाकाला चिखल फासतो, सांता नाकं मुरडतो, आणि वादळ आल्यावर लगेच 'ये बाळा'?" मी म्हटलं, अगं, शेवट गोड आहे ना. तर म्हणते, नाक विझलं असतं तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाकारलेल्या खेळण्यांच्या बेटाचंही तसंच. सांता त्यांना न्यायला येतो हा प्रसंग १९६४ साली नव्हताच! प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, तेव्हा पुढच्या वर्षी घातला.

ठाणे : माझा रुडॉल्फशी संबंध नाही, मी हर्मीच्या पार्टीत. सांताच्या कारखान्यात खेळणी बनवणाऱ्या बुटक्यांपैकी एक असलेल्या या एल्फला खेळणी करायची नाहीत, डेंटिस्ट व्हायचंय. डेंटल कॉलेजात आम्ही सगळे त्याच्यावर फिदा होतो. फक्त त्याची भूल द्यायची पद्धत कुणी शिकू नये. आधी हिमराक्षसाच्या डोक्यात दगड, मग दात काढणं.