७ वर्षं जुना एसएमपीएस: नवीन ग्राफिक्स कार्डाआधी बदलू का?

मांडवीकर
पीसी असा आहे: आय५-८४००, बी३६० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० (६ जीबी), एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, सेमी-मॉड्युलर (काही वायरी डब्यापासून सुट्या होणाऱ्या), २०१८ सालचा. ५ वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली. वापर रोज आठेक तास. घर रत्नागिरीत, समुद्राच्या जवळ. यूपीएस ६०० व्हीएचा, त्यातली बॅटरी गेल्या वर्षी बदललेली.

आता आरटीएक्स ४०६० घ्यायचंय. तक्रार एकच. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस टक्क करतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. नुसतं ब्राउझिंग चालू असेल तर काही होत नाही. पूर्वी याच यूपीएसवर गेमही टिकायचा. बाकी हँग नाही, ब्लू स्क्रीन नाही. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११.३ दाखवते, म्हणून जास्त धास्ती. बदलू की चालवू?

फेज_न्यूट्रल
वॉरंटी संपली ना? मग बदला. एसएमपीएस जाताना बोर्ड घेऊन गेला तर महागात पडेल.

लोडटेस्ट
वॉरंटी संपली म्हणून बदलायचा हा हिशोब मला पटत नाही. आतले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) किती तापले आणि किती तास चालले, त्यावर सगळं आहे. १०५ अंश, २००० तास असं रेटिंग असलेला कपॅसिटर तापमान दर १० अंशांनी उतरलं की ढोबळमानाने दुप्पट टिकतो. ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे रोज ८ तासांनी जवळपास ११ वर्षं. तोच ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर असेल तर ८,००० तास, तीन वर्षंसुद्धा नाहीत. दोन्ही डब्यांवर ५५० वॅटच लिहिलेलं असतं. ८० प्लस ब्राँझ म्हणजे फक्त वीज किती वाया जाते त्याचा शिक्का, कपॅसिटर कुठले घातलेत ते त्यातून कळत नाही.

११.३ वर विश्वास ठेवू नका. तो आकडा बोर्डावरचा सेन्सर देतो आणि तो बऱ्याचदा चुकतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, हार्ड डिस्कला जाणाऱ्या वायरीतला रिकामा मोलेक्स (चार पिनांचा) कनेक्टर शोधा, पिवळ्यावर लाल प्रोब, काळ्यावर काळा. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आधी पीसी नुसता चालू असताना मोजा, मग ओसीसीटी या पीसीवर भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट १५ मिनिटं लावून मोजा. १२ व्होल्टला ११.४ ते १२.६ चालतं. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. मर्यादेत असूनही लोडवर १२ ची लाइन ०.३ व्होल्टहून जास्त खाली बसत असेल तर मी सावध होईन. मीटरवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक वेगवान थरथर, मात्र दिसत नाही (मर्यादा १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट), त्याला ऑसिलोस्कोपच लागतो.

कार्डासाठी बदलायची गरज नाही. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट, आरटीएक्स ४०६० ला ११५. एनव्हिडियाची शिफारसही ५५० वॅटचीच आहे. फक्त ६+२ पिनची वायर आहे का ते बघा.

खरी गोष्ट तुमच्या तक्रारीत आहे. यूपीएसचा रिले (आतलं आपोआप फिरणारं स्विच) बॅटरीवर जाईपर्यंत साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ पीसी चालतो तो एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर. समजा तो २२० मायक्रोफॅरडचा आहे आणि ३८० व्होल्टवरून ३०० पर्यंत उतरेतोवर एसएमपीएस तग धरतो. मग हाताशी सुमारे ६ ज्यूल. गेममध्ये तुमचा पीसी २८० वॅट ओढत असेल तर २१ मिलिसेकंद मिळाले. जुना होऊन कपॅसिटरची क्षमता निम्मी झाली की उरले साडेदहा, म्हणजे अगदी काठावर. ब्राउझिंगला ६० वॅट धरले तर निम्म्या कपॅसिटरवरही ५० मिलिसेकंद निघतात, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही.

सातआह
वरचा हिशोब बरोबर, पण आधी यूपीएसला निर्दोष ठरवा. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅट, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत बसते, आणि वर्षभरापूर्वी बदललेली बॅटरी दुकानात आधीच पडून होती की नाही ते कोणाला माहीत?

पीसी काढून ठेवा. यूपीएसवर १०० वॅटचे तीन जुने तारेचे बल्ब लावा, एलईडी नको. मग भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब नुसते लुकलुकून तसेच जळत राहिले आणि दोन-तीन मिनिटं टिकले तर बॅटरी ठीक. विझून परत लागल्याचं डोळ्याला स्पष्ट दिसलं तर रिले संथ आहे. लगेच बीप करून बंद पडला तर दोष बॅटरीचा, एसएमपीएसला हातही लावू नका.

आणखी एक फाटा आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात आणि काही ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (मेनमधून वीज नीट ओढण्यासाठी जादा सर्किट असलेल्या) एसएमपीएसना ती झेपत नाही. पण ते पहिल्या दिवसापासून दिसलं असतं. तुमचं पूर्वी चालत होतं.

मांडवीकर
दोन्ही करून पाहिलं. बल्ब किंचित लुकलुकले, तीन मिनिटं जळत राहिले, मग मीच बंद केले. मोलेक्सवर एरवी १२.०४, ओसीसीटीत ११.८९. लाल वायरीवर ५.०६. म्हणजे व्होल्टेज ठीक, यूपीएस ठीक, तरी गेममध्ये रिस्टार्ट होतोच. तो एक मोठा कपॅसिटरच बदलून घेतला तर? आणि नवीन घेतलाच तर वायरी कॅबिनेटमधून ओवलेल्या आहेत त्याच ठेवता येतील का?

लोडटेस्ट
मग संशय एसएमपीएसवरच. खात्री हवी असेल तर कोणाचा तरी दोन-तीन वर्षांचा एसएमपीएस तासाभरासाठी आणून, त्याच यूपीएसवर गेम लावून भिंतीवरचं बटण बंद करा.

एकच कपॅसिटर बदलण्यात अर्थ नाही. तो मोठा निम्मा झाला असेल तर पुढचे छोटेही तेवढेच तापलेत. ५ व्होल्ट स्टँडबायवाले तर भिंतीवरचं बटण चालू असेल तितका वेळ, पीसी बंद असतानाही, कामावर असतात. शिवाय त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. घरी उघडू नका.

जुन्या वायरी अजिबात ठेवू नका, एकही नाही. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांचा क्रम वेगळा असतो. प्लग नीट बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी, हार्ड डिस्क एका क्षणात जळतात. नवीन बसवताना ४+४ ची वायर सीपीयूला आणि ६+२ ची कार्डाला, दोन्हींवर लिहिलेलं असतं. जोर लावावा लागला की थांबा.

घेताना वॅट वाढवण्यापेक्षा वॉरंटी बघा: ५५० किंवा ६५० वॅट, किमान ७ वर्षं, १०५ अंशांचे जपानी कपॅसिटर. आणि रिव्ह्यूत होल्ड-अप टाइम (वीज गेल्यावर एसएमपीएस किती मिलिसेकंद तग धरतो) मोजलेला असेल तर तो आकडा आधी वाचा, तुम्हाला त्याचीच गरज आहे.

सातआह
समुद्राजवळ आहात, तर जुना काढताना २४ पिनच्या प्लगच्या पिना उजेडात बघा. हिरवट-काळपट दिसल्या तर बोर्डाकडच्या पिनाही काँटॅक्ट क्लीनरने साफ करून, पूर्ण वाळवून मगच नवा प्लग बसवा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. ते एसएमपीएस बदलून जाणार नाही.