ली ग्रँट १९५१ नंतर गेली कुठे?

रात्रपाळी:
काल ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) परत बघितला. खून झालेल्या माणसाची बायको म्हणजे ली ग्रँट. सिडनी पॉइटिए तिला बातमी सांगतो आणि ती हात पुढे करून त्याला थोपवते. मी तिथेच थांबवून बसलो. मग तिचे सिनेमे शोधले. ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ १९५१चा, त्यात पर्स चोरणारी पोरगी. ऑस्करचं नामांकन, १९५२ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. पुढे किरकोळ कामं, आणि मोठं असं काही थेट १९६५मध्ये, टीव्हीवरचं ‘पेटन प्लेस’. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलाकारांना काम नाकारणाऱ्या काळ्या यादीबद्दल ऐकून आहे, पण हिने असं केलं तरी काय होतं? आणि बंदी घालायचं कोण, सरकार?

विंगेतला:
केलं काय, तर शोकसभेत बोलली.

जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग नावाचा नट होता. हृदयाचं दुखणं असतानाही त्याला कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभं केलं होतं. १९५१च्या डिसेंबरात तो लंडनमध्ये वारला. समितीच्या छळाने तो खचला, असं ग्रँट त्याच्या शोकसभेत म्हणाली. त्यात तिचा नवरा आर्नल्ड मॅनॉफ, पटकथालेखक, कम्युनिस्ट म्हणून आधीच यादीत. समितीला हवं होतं की तिने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यावी. तिने दिली नाही. पंचविशीतली बाई, पुढची बारा वर्षं सिनेमा आणि टीव्ही तिला जवळजवळ बंद.

बंदीचा म्हणशील तर कायदा नव्हता, हुकूम नव्हता. १९५०च्या जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाचं पुस्तक निघालं, खाजगी लोकांनी काढलेलं, त्यात कम्युनिस्ट म्हणून संशय घेतलेल्या रेडिओ-टीव्हीतल्या लोकांची १५१ नावं. जाहिरातदार ते चाळायचे आणि फोन यायचा बंद व्हायचा. अभिनेत्री जीन म्युअरला त्याच ऑगस्टमध्ये टीव्ही मालिकेतून काढलं, कारण प्रायोजकाला झंझट नको होती. अभिनेत्री मार्शा हंट १९४७मध्ये समितीने बोलावलेल्या सहकाऱ्यांच्या बाजूने वॉशिंग्टनला गेली होती, तिचंही नाव पुस्तकात. ती २०२२मध्ये १०४ वर्षांची होऊन वारली. त्या पुस्तकानंतर तिला पूर्वीसारखी कामं कधी मिळाली नाहीत.

नाटकाला प्रायोजक नसतो, तिकीट असतं. म्हणून ग्रँट ब्रॉडवेवर तगली, अभिनय शिकवून घर चालवलं.

सरळप्रश्न:
माफ करा, पण नवरा होता ना कम्युनिस्ट? ते जगजाहीर होतं. मग सांगून टाकायचं, ‘हो, आहे’. पुढे घटस्फोटही झालाच की.

विंगेतला:
जगजाहीर होतं, हेच तर! समितीला माहिती नको होती, ती समितीकडे होतीच. तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. आणि एकावर थांबत नसे ते. स्वतःबद्दल बोललात की बाकीच्यांबद्दल गप्प राहायचा हक्क जायचा. पुढचा प्रश्न ठरलेला: घरी जेवायला कोण कोण यायचं?

घटस्फोटाचं म्हणाल, तर संसार मोडत आला तरी ती बोलली नाही. मला तर हे जास्त मोठं वाटतं. प्रेमात असताना गप्प राहणं त्यामानाने सोपं.

मी बरीच वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिने स्वतः सांगितलंय की कुणाचं नाव चुकून तोंडून जाऊ नये या धास्तीने नावं विसरायची सवय लागली. यादीतून सुटली, सवय सुटली नाही. समोरच्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना. नट वाक्य विसरला तर मी विंगेतून पहिला शब्द देतो. हिला कोण देणार?

रात्रपाळी:
बापरे. आणि परतल्यावर?

विंगेतला:
१९६६ला ‘पेटन प्लेस’साठी टीव्हीचा एमी पुरस्कार, १९७५च्या ‘शॅम्पू’साठी ऑस्कर. मधली वर्षं भरून काढायला वय चोरलं, आणि का चोरू नये, तिची चोरलीच होती. पुढे दिग्दर्शन. अमेरिकेतल्या बेघर, बेकार लोकांवरच्या तिच्या ‘डाउन अँड आउट इन अमेरिका’ या माहितीपटालाही ऑस्कर आहे.

पण आधी ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ बघ. कर्क डग्लस ओरडत असेल तेव्हा त्याच्याकडे नको, बाजूला बसलेल्या तिच्याकडे बघ.