विळी, सुऱ्या, चमच्यांवरचा गंज : तुम्ही काय करता?

पावसाळा लागला की घरोघरी ही कटकट सुरू होते. रात्री धुऊन ठेवलेल्या विळीच्या पात्यावर सकाळी तांबूस ठिपके. लोखंडाचं समजू शकतो, पण स्टीलच्या सुरीवरही धारेच्या कडेला डाग येतात. 'गंज काढण्याचे रामबाण उपाय' छापाच्या याद्या नकोत. हाताने केलेलं सांगा : वस्तू लोखंडी होती की स्टीलची, काय लावलं आणि गंज परत आला का.

मालवणहून
आमच्याकडे आडाळो, म्हणजे खवणीची विळी, लोहाराकडून घडवून घेतलेल्या पात्याचा. खाऱ्या हवेत पाणी लागलं नाही तरी तो गंजतो. सासूबाईंनी एका करवंटीत खोबरेल तेलात भिजलेली चिंधी कायमची ठेवलेली आहे. चिरून झालं की काथ्याने घासायचं, फडक्याने कोरडं करायचं आणि ती चिंधी पात्यावरून फिरवायची. खवणीचे दात मात्र चिंधीने पुसले जात नाहीत. तिथे खोबऱ्याचा कीस अडकून ओल धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्याला जुना टूथब्रश. फणस चिरायच्या आधी पात्याला तेल लावतोच, चीक चिकटत नाही. चिकटलाच तर तोही तेलानेच पुसायचा, पाण्याने नव्हे.

डोंबिवलीहून
चिंच! चिंचेचा कोळ पात्याला फासून अर्धा तास ठेवायचा आणि काथ्याने घासायचं. आमसुलाच्या पाण्यानेही होतं. लोक पुढची पायरी विसरतात. आंबट लावून घासलेलं लोखंड उघडं पडलेलं असतं, तसंच ओलं ठेवलं तर बघता बघता पुन्हा नारिंगी थर येतो. म्हणून थोड्या खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच पुसा आणि तेल लावा. आणि चिंच असो नाहीतर व्हिनेगर, रात्रभर बुडवून ठेवू नका, गंजाबरोबर पातंही खाल्लं जातं.

पुण्याहून (धातूंशी संबंधित नोकरीत होतो, म्हणून जरा लांबण लावतो)
स्टेनलेस स्टील म्हणजे न गंजणारं स्टील नव्हे, कमी गंजणारं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बनतो आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. ओरखडा पडला तर हा थर आपोआप पुन्हा धरतो. त्याचा खरा शत्रू मीठ. मिठातलं क्लोराईड थराला बारीक भोकं पाडतं आणि गंज आत उतरतो.

आता सुरी आधी का गंजते ते. चांगल्या चमच्यांवर १८/८ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. सुरीला धार टिकवायची असते, म्हणून तिच्या स्टीलमध्ये कार्बन जास्त, क्रोमियम साधारण १३ टक्के आणि निकेल जवळजवळ नाहीच. इंग्लंडातल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३ साली ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम होतं. तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होता, माल लागला सुऱ्यांच्या कामी. आजची साधी सुरी त्याच कुळातली आहे.

बाजारात चुंबक घेऊन फिरणाऱ्यांसाठी : चुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असं समजू नका. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि ते १८/८ पेक्षा लवकर डागाळतं.

आणखी एक, स्टीलवर तारेची लोखंडी घासणी वापरू नका. तिचे कण पृष्ठभागात रुततात, ते गंजतात आणि नाव चमच्याचं होतं.

सोलापूरहून
वरचं मीठ-पुराण वाचून लोणच्याच्या बरणीतला चमचा काढून पाहिला. दांड्यावर बरोबर खार लागतो तिथे सुईने टोचल्यासारखी भोकं! आजी बरणीत लाकडी चमच्याशिवाय काही घालू द्यायची नाही.

सावंतवाडीहून
तांबडे डाग काचेच्या पेल्यांवरही पडतात का, ते आधी बघा. पडत असतील तर दोष भांड्याचा नाही, पाण्याचा. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, बादलीसुद्धा लाल होते. लिंबू चोळलं की डाग जातात, दुसऱ्या आठवड्यात परत हजर. शेवटी पाणी गाळायची सोय केली.

न्यू जर्सीहून
इथे खलनायक डिशवॉशर. एक हलकं सोलाणं आत गंजतं आणि त्याचे कण बाकीच्या चांगल्या चमच्यांवर जाऊन बसतात. आता सुऱ्या आणि भारतातून आणलेली विळी हातानेच धुते, आणि यंत्र थांबलं की दार उघडून वाफ जाऊ देते. बसलेल्या डागांना ऑक्झॅलिक आम्ल असलेली पावडर (बार कीपर्स फ्रेंड) चोळते. हातमोजे घालायचे, फार वेळ ठेवायची नाही, भरपूर पाण्याने धुवायचं.

नागपूरहून
आमच्या उन्हाळ्यात गंजायलाही ओल मिळत नाही, हा तेवढाच फायदा. :) तव्याला मात्र जवसाचं तेल. अगदी पातळ हात फिरवायचा, जास्तीचं पुसून टाकायचं आणि धूर येईपर्यंत तापवायचं. असं चार-पाच वेळा केलं की काळा टणक थर धरतो. खोबरेल असं सुकत नाही, त्यामुळे ते नुसतं लावून ठेवायला बरं. हा तापवण्याचा प्रकार विळीवर किंवा सुरीवर करू नका, पात्याचं पाणी (लोहाराने दिलेला कडकपणा) उतरतं आणि धार टिकत नाही.

सातारा जिल्ह्यातून
आमच्यात खंडेनवमीला कोयते, विळे, खुरपी, घरातली विळी, अडकित्ता सगळं बाहेर निघतं. राख आणि लिंबाची साल, जुना गंज असेल तर विटकरीची पूड, मग तेल, मग पूजा. एक निरीक्षण : गंध-हळदकुंकवाची बोटं तशीच राहू दिली तर नेमक्या त्या ठिपक्यांखाली गंज धरतो. दसरा झाला की पुसून पुन्हा तेलाचा हात द्या. देव रागावत नाही.

नाशिकहून
आजोबांची लोखंडी कात्री पार लाल झाली होती, तिला वीज दिली. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. कात्री ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी पत्रा धन टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. काही तासांत गंज काळा पडून ब्रशने निघाला, चांगलं लोखंड जागच्या जागी. हायड्रोजन सुटतो म्हणून अंगणात करा आणि चार्जर बंद करूनच हात घाला. धन टोकाला स्टेनलेस कधीच लावू नका, क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

ठाण्याहून
कच्ची केळी चिरल्यावर विळी काळीनिळी होते, तोही गंजच का? मी दर वेळी घासून पांढरी करते.

पुण्याहून
नाही. केळ्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन तो रंग येतो. सुपारीने अडकित्ता काळा होतो तो यामुळेच. काळा थर घासू नका, तो असला की तांबडा गंज उशिरा येतो. बोटाला तांबडी पूड लागली तरच घासायचं.

कोल्हापूरहून
लाकडी मुठीची सुरी वरून चकचकीत, पण मूठ तडकली. आत काय असेल?

मालवणहून
मुठीत पाणी शिरून आतलं लोखंड गंजलंय, गंज फुगतो म्हणून लाकूड फुटतं. पातं जाड असेल तर लोहाराकडून नवी मूठ बसवून घ्या. पातळ असेल तर ती सुरी भंगारातच द्या, जोर लावताना मुठीपाशी मोडेल.