बँकॉकमध्ये गच्चीवरचं भारतीय जेवण, १४ माणसं : कुठे आणि कसं? सल्ला हवा

दारव्ह्याचा_दुकानदार
राम राम मंडळी. पोळा झाला की, म्हणजे सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात, आम्हा कृषी केंद्रवाल्यांची कंपनीकडून बँकॉक-पटाया टूर आहे. शेवटची संध्याकाळ बँकॉकमध्ये मोकळी आहे आणि त्या रात्रीचं जेवण टूरमध्ये धरलेलं नाही. मंडळींची फर्माईश अशी: उंच गच्ची, खाली शहराचे दिवे आणि ताटात आपलं जेवण. ९ मांसाहारी, ४ शाकाहारी (त्यात २ माळकरी), १ जैन. मुक्काम प्रतुनामला. कुठे जावं, किती वाजता, बुकिंगला काय बोलावं, बिलात कुठे गोची होते, हे जाणकारांनी सांगावं. डीजेचा दणका नको, तो गणपतीत पुरेसा होतो.

पैनगंगाकाठ
भाऊ, आधी महिना पाहा. बँकॉकला पाऊस मे ते ऑक्टोबर, आणि त्यातही सप्टेंबर सगळ्यात ओला. तो आपल्या झडीसारखा रेंगाळत नाही. दुपारनंतर नाहीतर संध्याकाळी ढग भरून येतात, तासभर दणकून पडतो आणि उघडतो. नेमकी तीच तुमची जेवायची वेळ. विजा चमकायला लागल्या की उघड्या गच्च्या रिकाम्या करतात.

म्हणून 'रूफटॉप' एवढा शब्द ऐकून अ‍ॅडव्हान्स देऊ नका. त्या एका शब्दात तीन वेगळ्या जागा खपवतात: पूर्ण उघडी गच्ची, वर छत पण बाजू मोकळ्या, आणि वरच्या मजल्यावरचा काचेचा हॉल. सप्टेंबरात १४ माणसं घेऊन पहिल्या प्रकारात जाणं म्हणजे धूळपेरणी करून आभाळाकडे पाहत बसणं.

तिसऱ्या प्रकारातलं नाव सांगतो: रंग महाल. सुखुमवित रस्त्याच्या सोई १८ मधल्या (सोई म्हणजे गल्ली) रेम्ब्रांट हॉटेलच्या २६व्या मजल्यावर. उत्तर भारतीय जेवण, जुनं नाव, बसायची जागा आत, काचेतून शहर. वारा अंगावर घ्यायची हौस जेवताना भागणार नाही, पण भर पावसात ताट उचलून पळावंही लागणार नाही.

वाटसरू_वर्धेचा
जागेला माझाही होकार. पण सूर्यास्त आणि जेवण एकाच टेबलावर उरकायचं डोक्यात असेल तर काढून टाका.

सप्टेंबरच्या मध्यात तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार भरकन पडतो. रंग पाहायचे तर पावणेसहाला बसलेलं हवं. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणजे पोटाच्या हिशेबाने तेव्हा सव्वाचार वाजलेले. सव्वाचारला दारव्ह्यात कोण जेवतं? लोक नुसते स्टार्टर उडवतात, आणि आठ वाजता खरी भूक लागते तेव्हा टेबल सोडायची वेळ झालेली असते. गर्दीच्या ठिकाणी टेबल दीड-दोन तासांपुरतंच देतात.

दोन्ही तोडा. सूर्यास्त नदीवर, वाट अरुण मंदिरासमोर. मंदिर चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे पूर्वेच्या ता तियन बाजूने सूर्य मंदिरामागे उतरतो, आणि अंधार पडला की मंदिरावर दिवे लागतात. ता तियनच्या काठावर छोट्या हॉटेलांच्या चार-सहा मजली गच्च्या आहेत. तिथे फक्त नारळपाणी, सरबत घ्या, जेवू नका. १४ खुर्च्या एका जागी मिळणार नाहीत, आधी विचारा, नाहीतर दोन गच्च्यांत वाटून बसा. पाऊस आला तर हा भाग सोडून द्यायचा, जेवणाला धक्का नाही.

दारव्ह्याचा_दुकानदार
पटलं. पण ता तियन ते सोई १८, तेही संध्याकाळी, १४ जण? टूरची बस त्या वेळी नसेल.

वाटसरू_वर्धेचा
टॅक्सीचं नावही काढू नका. पाच ते आठ सुखुमवित रस्ता तुंबलेला असतो आणि तुम्हाला चार गाड्या लागतील, एक नक्की भलत्या सोईत जाईल. ता तियनहून सनाम चाय मेट्रो स्टेशन पायी, तिथून निळ्या लाइनने थेट सुखुमवित स्टेशन, गाडी बदलायची नाही. दारापासून दारापर्यंत तास धरा. टोकन प्रत्येकाला वेगळं लागतं. मशीनपाशी १४ जणांनी रांग लावण्यापेक्षा एकाने सगळ्यांची घ्यावीत, सुट्टे आधी जमवून.

सोईचे नंबर नीट समजून घ्या. मोठ्या रस्त्याच्या उत्तरेला विषम, दक्षिणेला सम, आणि समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. सोई २१ च्या चौकात उभे राहाल तर समोरच्या बाजूला १६ च्या आसपासचे आकडे दिसतील. १८ दक्षिणेला, चौकापासून दहा मिनिटांची चाल. परतीला असोक स्टेशनहून बीटीएस स्कायट्रेन: नाना, प्लोएन चित, चित लोम. तिसऱ्या स्टेशनला उतरून प्रतुनाम पायी. गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे अकराला उठायचं. तेव्हा रस्ता मोकळा असतो, कोणाचे पाय दुखत असतील तर त्यांना ग्रॅब (अ‍ॅपवरची टॅक्सी) करून द्या. मीटरची टॅक्सी ३५ बाथपासून सुरू होते. मीटर लावत नसेल तर दुसरी पाहा.

तंदूर_आणि_तवा
उंचावरच्या जेवणात काय मागवायचं, यावर कोणीच बोललं नाही, आणि पैसे तिथेच वाया जातात.

स्वयंपाकघर बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर असतं. ताट लिफ्टने वर येतं, त्यात वारा. नान तंदूरमधून निघाली की पाच-सात मिनिटं मऊ असते. तिची वाफ निघून गेली की वादी होते. म्हणून रोट्या एकदम मागवायच्या नाहीत. माणशी दोन धरल्या तर २८. त्या सात-सातच्या चार खेपांत आणायला सांगा, पहिली खेप भाजी टेबलावर आल्यावरच. सिझलर गच्चीवर निव्वळ धूर, शेजारच्या टेबलाच्या डोळ्यात. टिक्का-कबाब पसरट प्लेटमध्ये लगेच गारठतात, ते अर्ध्या-अर्ध्या प्लेटने घ्या. झाकणाच्या हंडीतली डाळ, कणकेने तोंड बंद केलेली बिर्याणी, दाट रस्सा, हे वाऱ्याला पुरून उरतात. काचेच्या हॉलमध्ये वारा नाही, तरी रोट्यांची युक्ती तीच.

अंदाज: भाजीची एक हंडी तिघांना पुरते. मांसाहारी दोन प्रकार, प्रत्येकी दोन हंड्या. शाकाहारी दोन हंड्या, डाळ तीन कारण ती सगळेच ओढतात, भात चार प्लेट, स्टार्टर पाच. आधी एवढंच. उरलं तर बांधून देतात, पण दुसऱ्या दिवशी विमान असताना बांधून नेऊन करणार काय?

माळकऱ्यांसाठी: तंदूर एकच असतो. कोंबडी आणि रोटी एकाच भट्टीत, सळ्याही त्याच. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी तव्याची रोटी किंवा भात असं बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, रात्री नऊला सांगितलं तर तवा तापायलाच वेळ लागतो. नानच्या कणकेत अंडं आहे का तेही विचारा. आणि टेबल दोन करा, सात-सातचे, शाकाहारी पाचही एकाच टेबलावर. १४ चं एकच लांब टेबल केलं की टोकाच्या माणसाला भाजी पोचेपर्यंत रोटी थंड, आणि गप्पाही तीन-तीन जणांतच होतात.

सावजीसारखं झणझणीत मिळेल अशी आशा नको. तिखट वाढवा म्हटलं की वरून लाल तिखट भुरकवतात, त्यापेक्षा हिरव्या मिरच्या आणि मीठ वेगळं मागा. कापलेल्या मिरच्यांची पातळ वाटी कुठे दिसली तर शाकाहाऱ्यांनी थांबा: ते फ्रिक नाम प्ला, म्हणजे मासळीच्या पाण्यात बुडवलेल्या मिरच्या. जाता जाता, कोथिंबिरीसाठी आपल्यासारखं वरून 'सांबार' टाका म्हणू नका, डाळवालं सांबार येईल. कोथिंबीर म्हणा.

गावंढा_पण_हिशेबी
राजेहो, बिलाचं मी सांगतो. मेनूत भावाच्या मांगं दोन अधिकाच्या खुना दिसल्या तं समजा का तो भाव पुरा नाही. १० टक्के सर्व्हिस चार्ज, अन् त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. सतरा टक्के नाही होत, १७.७ होते. १००० बाथचं जेवन ११७७ ले पडते. पान्याची बाटली वेगळी, नळाचं पानी तिथं कोनी पेत नाही. सर्व्हिस चार्ज घेतला असन तं टिपची जबरदस्ती नाही, सुट्टे ठेवा.

एटीएममधून काढाल तं दर खेपेले थाई ब्यांक २२० बाथच्या आसपास कापते, आपली ब्यांक तिचं अलग. थोडे-थोडे दहादा काढू नका. रुपयाच्या नोटा तिथं नेऊन बदलाच्या भानगडीत पडू नका, भाव मार खाते. नागपुरातूनच बाथ घ्या. कार्ड घासलं का मशीन इचारते, रुपयात का बाथमंदी? बाथच दाबा. रुपया दाबला का भाव मशीनवाला ठरवते.

अन् कपडे. हाफ प्यांट, बिनबाह्यांचं बनियन, रबरी चप्पल घालून मोठ्या हाटेलाच्या गच्चीवर गेले तं लिफ्टपाशीच अडवते. लेबुआ हाटेलाच्या ६३व्या मजल्यावर सिरोक्को नावाची जेवनाची गच्ची हाय, तिथं तं लयच कडक. पटायाहून त्याच दिवशी येनार असान तं फुल प्यांट बसच्या डिक्कीत टाकू नका, हाती ठेवा. कोनाचं पोट्टं संग असन तं त्याचंही इचारून घ्या, दारूचं वय तिथं २० हाय, बारवाल्या गच्चीवर लहानाले घेत नाही.

बिनकांद्याची
जैन सोबत्यासाठी. बँकॉकमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसतं, आपल्या डोळ्याला इंग्रजी १७ सारखं. ते 'जे' जेवण. त्यात मांस, मासा, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. दिवसभराच्या फिरण्यात याचा फार उपयोग. पण बटाटा, गाजर, मुळा त्यात चालतो, म्हणून पूर्ण जैन समजू नका. भारतीय हॉटेलात उलट अडचण: कांदा-टोमॅटोचा रस्सा सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेला असतो, त्यातून ऐनवेळी कांदा काढता येत नाही. त्यामुळे 'जैन' एवढं सांगून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको असं मोजून सांगा आणि एक दिवस आधी सांगा. जिऱ्याच्या फोडणीची डाळ, भात, तव्यावरची रोटी, टोमॅटोत परतलेलं पनीर, एवढं कुठलंही नीट स्वयंपाकघर करून देतं.

पैनगंगाकाठ
ताईंनी नेमकं सांगितलं. आणखी एक, भाऊ: टूर पुढे ढकलली आणि पितृपक्षात गेली तर ९ मांसाहारी ९ राहणार नाहीत. आकडा पुन्हा मोजून मगच कळवा.

दारव्ह्याचा_दुकानदार
हे बरोबर, आमच्यात तसे तिघे तरी आहेत. बुकिंगच्या मेसेजमध्ये नेमकं काय लिहू?

तंदूर_आणि_तवा
तारीख, रात्री ८, सात-सातची दोन टेबलं, काचेलगत मिळाली तर बरं. शाकाहारी ४, तवा रोटी, अंडं नको. जैन १, वर ताईंनी सांगितलेली यादी. मग प्रश्न: टेबल किती वेळ, अ‍ॅडव्हान्स किती आणि माणसं कमी झाली तर तो परत का, चौदा जणांवर ठरावीक मेनूची सक्ती आहे का, दिलेले भाव कर धरून की वगळून. फोनवर बोलणं झालं तरी हे सगळं लेखी मागवा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. दारात उभा असलेला माणूस दुसराच असतो.

वाटसरू_वर्धेचा
आणि त्या दिवशी दुपारी चारला आभाळ पाहा. नदीकडे काळं दिसलं तर ता तियन रद्द, मंडळींना खोलीवर तासभर झोपू द्या आणि सातला चित लोमहून निघा.