'कॉर्नफील्ड' म्हणजे कोणते शेत? मका, ज्वारी, कणीस आणि वावर

विचारणा (महाल, नागपूर)

काही जुन्या इंग्रजी ललित लेखांचा मराठी अनुवाद सध्या करीत आहे. त्यांत 'कॉर्नफील्ड' हा शब्द वारंवार येतो. काही लेख इंग्लंडमधील खेड्यांविषयी आहेत, तर काही अमेरिकेतील शेतवस्तीविषयी. सर्वत्र 'मक्याचे शेत' असे लिहिणे योग्य होईल का? की विदर्भातील वाचकाला चित्र चटकन दिसावे म्हणून 'ज्वारीचे वावर' असा बदल करावा? पिकाच्या वाढीचे टप्पे आणि रात्रीची राखण यांची वर्णनेही बरीच आहेत. त्यांसाठी रूढ मराठी शब्द सुचवावेत, ही विनंती.

उत्तर (धरमपेठ, नागपूर)

सर्वत्र 'मक्याचे शेत' असे लिहू नये. ब्रिटिश इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे त्या त्या मुलखातले मुख्य धान्य. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ बहुधा गहू असतो, तर स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये ओट. जॉन कॉन्स्टेबल याचे १८२६ मधील 'द कॉर्नफील्ड' हे चित्र पाहावे. त्यात पिकलेला गहू आहे. १८१५ ते १८४६ या काळात इंग्लंडमध्ये लागू असलेल्या 'कॉर्न लॉज'चा संबंधही आयात धान्यावरील निर्बंधांशी होता, आणि म्हणूनच मराठीत त्यांना 'धान्य कायदे' म्हणतात. अमेरिकेत मात्र 'कॉर्न' म्हणजे मका. तेथे गेलेल्या इंग्रजांनी मक्याला आधी 'इंडियन कॉर्न' म्हटले आणि पुढे पहिला शब्द गळून पडला. जुन्या मजकुरात हा शब्दप्रयोग आढळला तर त्यातील 'इंडियन' हा अमेरिकेतील मूलनिवासींना उद्देशून आहे, हे लक्षात ठेवावे. 'भारतीय धान्य' असे भाषांतर झाले तर अर्थाचा पुरता विपर्यास होईल.

याच कारणाने 'ईअर ऑफ कॉर्न' यालाही मराठीत एकच शब्द पुरत नाही. आपल्याकडे पीक बदलले की शब्द बदलतो: गव्हाची ओंबी, धानाची लोंबी, ज्वारी-बाजरीचे कणीस. इंग्लंडमधील शेतात कणसे डोलू लागली, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ज्वारी उभी राहील. तेथे ओंब्याच हव्यात. कणीस हा शब्द संस्कृत 'कणिश' वरून आला असून, अमरकोशात 'कणिशं सस्यमञ्जरी' असा त्याचा अर्थ दिला आहे. अमरकोशाच्या काळी या देशात मका नव्हता. मक्याचा उगम दक्षिण मेक्सिकोतला. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तो घडत गेला, आणि भारतात तो पोर्तुगीजांच्या काळात पोहोचला असे सामान्यतः मानले जाते. (कर्नाटकातील सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरातील मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत असा एक दावा आहे, कलेच्या अभ्यासकांना मात्र तो पटलेला नाही, आणि मलाही त्यात फार तथ्य वाटत नाही.)

म्हणजे हे पीक येथे पाहुणे म्हणून आले आणि त्याच्याविषयी बोलण्यासाठी लागणारी बहुतेक भाषा त्याने ज्वारीकडून घेतली. आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडे हे पिकाच्या नावातच दिसते. तेलुगूत ज्वारीला 'जोन्न' आणि मक्याला 'मोक्कजोन्न' म्हणतात. कन्नडमध्ये ज्वारी म्हणजे 'जोळ' आणि मका म्हणजे 'मुसुकिन जोळ', म्हणजेच बुरखा घेतलेली ज्वारी. मराठीने नाव वेगळे ठेवले, पण कणीस, ताट, कडबा, लाह्या हे सगळे शब्द ज्वारीचेच वापरले. 'पॉपकॉर्न'ला मक्याच्या लाह्या म्हणताना कोणालाही अडखळायला होत नाही, ते त्यामुळेच.

तेव्हा माझे मत असे की पीक बदलू नये, पण शब्दकळा ज्वारीची खुशाल घ्यावी. अमेरिकेतील मका मकाच राहू द्यावा. ज्वारीचे पीक पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यावर येते, चिकात येते आणि मग हुरड्यात येते. यांपैकी 'चिकात येणे' मक्यालाही चालते. 'निसवणे' मात्र जपून वापरावे, कारण ज्वारीचे कणीस शेंड्यातून बाहेर पडते, तर मक्याचे कणीस ताटाच्या मध्यावर पानाच्या बगलेत धरते आणि शेंड्यावर असतो तो नुसता तुरा. कणसाच्या टोकाशी लोंबणाऱ्या तंतूंना कृषिविषयक लेखनात 'स्त्रीकेसर' म्हणतात. ललित लेखनात 'मक्याचे केस' हेच बरे. हुरडा हा शब्द ज्वारीसाठी राखून ठेवावा, कारण त्याच्यासोबत आगटी आणि थंडीची सकाळ येते. आपल्या भागात तर हुरड्यासाठी 'वाणी' ही ज्वारी वेगळी पेरली जाते, आणि 'वाणीचा हुरडा' म्हटले की नागपूर-अकोल्याकडच्या माणसाला अधिक काही सांगावे लागत नाही.

शेतासाठी 'वावर' हा आपला शब्द उत्तमच. परंतु निवेदन प्रमाण मराठीत असेल तर केवळ 'कॉर्नफील्ड' आले म्हणून 'वावर' लिहिणे ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल. संवादांत ते शोभेल. विदर्भातसुद्धा प्रत्येक शेत वावर नसते: पऱ्हाटीचे (कपाशीचे) वावर, पण धानाची बांधी आणि संत्र्याचा बगीचा.

शंका (वर्धा)

उंच पिकासाठी 'फड' हा शब्द का सुचवला नाही? ज्वारीचा फड असे म्हणतातच. दुसरे असे की मक्याला 'कणीस' म्हणणे पुण्याकडे ठीक आहे; नागपूरच्या फुटाळा तलावावर पावसात उभे राहून आम्ही 'भुट्टा' खातो, कणीस नव्हे.

उत्तर (धरमपेठ, नागपूर)

'फड' ही सूचना चांगली आहे. अमेरिकन लेखांत जेथे माणूस पिकात शिरून दिसेनासा होतो, तेथे 'मक्याचा फड' लिहावे. 'शेत' या शब्दात तो आडोसा नाही. पुरुषभर उंचीच्या देशी ज्वारीत शिरलेला माणूस धुऱ्यावरून दिसत नसे, आणि चोर, प्रेमिक, भुते या साऱ्यांना आपल्या गोष्टींत तिथेच आसरा मिळाला. अमेरिकन कल्पनेत तीच जागा मक्याची आहे. ओढूनताणून ज्वारी आणण्याची गरज नाही असे मी म्हणतो, त्याचे हेही एक कारण: मराठी वाचक ही भीती आधीपासून ओळखतो. मात्र आजच्या तरुण वाचकाविषयी थोडी शंका वाटते. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे पहिले संकरित वाण आले आणि ज्वारी बुटकी झाली. 'हायब्रीड' हा शब्दच गावोगावी त्या ज्वारीचे नाव होऊन बसला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी तर जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पुढे सोयाबीनने विदर्भातील ज्वारीची बरीच जागा घेतली, आणि गुडघ्या-मांडीएवढ्या सोयाबीनमध्ये लपायला जागा नाही.

'भुट्टा'विषयी आपले म्हणणे मान्य आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे असे हिंदी शब्द येथे परके वाटत नाहीत. फरक इतकाच की हिंदीत ज्वारीच्या कणसालाही भुट्टा म्हणतात, आपण मात्र तो मक्यापुरता ठेवला, आणि त्यातही भाजून खाण्यापुरता. शेतात उभे असताना ते कणीस, निखाऱ्यावर गेले की भुट्टा. अनुवादात हा भेद पाळता येईल.

राखणीचा मुद्दा राहिला होता. ज्वारीचा दाणा उघडा आणि वर असतो, म्हणून पाखरे हाकायला माळा, गोफण आणि दिवसाची राखण लागते. मक्याचे दाणे पानांच्या वेष्टनात असतात. पोपट सोडले तर पाखरांचा उपद्रव कमी, खरी भीती रात्री शिरणाऱ्या रानडुकरांची. आपल्याकडे त्यासाठी शेतकरी 'जागलीला' जातो. लेखांतील रात्रीच्या प्रसंगांना 'जागल' हाच शब्द वापरावा. इंग्लंडच्या गव्हावरून दिवसा कावळे उडवणाऱ्या पोराला मात्र तो लावू नये; तो 'राखण्या' आहे, आणि त्याच्या शेजारी बुजगावणे उभे करायला हरकत नाही.