व्यवसाय कर: पंधरा हजार पगार असो वा पाच लाख, वर्षाला २,५०० रुपयेच का?

हिशेबी_माणूस (प्रश्न):
आमच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकाने फेब्रुवारीची पगारचिठ्ठी दाखवून विचारले की एरवी २०० रुपये कापतात, मग याच महिन्यात ३०० का? त्याचे उत्तर सोपे होते: अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० पूर्ण होतात. मात्र त्यापुढचा हिशेब मला पटेना. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ १.४ टक्के भाग या करात जातो, तर महिना पाच लाख मिळवणाऱ्याचा जेमतेम ०.०४ टक्के. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या पगाराला आयकर लागत नाही, म्हणजे ज्याला केंद्र सरकार करपात्रही समजत नाही, त्याच्याकडून राज्य सरकार दरमहा वसुली करते. महागाईच्या दिवसांत ही रक्कम त्याला जाणवते. या रचनेमागे काही तर्क आहे का?

माणदेशी:
तर्क होता, आणि तो चांगला होता. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातील माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर जात होती, मुलांना सुकडी मिळत होती. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने, रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७५ साली हा कर आला. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांनी खेड्यातील मजुराच्या कामासाठी थोडा भार उचलावा आणि तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ती व्यवस्था होती. त्या काळी महिन्याचा बांधलेला पगार असणे हीच सुस्थितीची खूण होती. आज कंत्राटी रक्षकालाही पगारचिठ्ठी मिळते, आणि ज्याच्यासाठी कर बसवला त्याचाच मुलगा आता तो भरतो आहे.

कलम२७६:
वरची मर्यादा राज्याच्या हातात नाही. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार राज्याला एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. मूळ मर्यादा २५० रुपये होती, ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने दहापट झाली आणि तेव्हापासून तशीच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० करावी असे सुचवले, पण त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागेल. छत इतके खाली असल्यामुळे दहा हजारांच्या पुढचे सगळे एकाच रांगेत येतात. कोपऱ्यावरचा नोंदणीकृत दुकानदार आणि मोठी कंपनीसुद्धा स्वतःच्या नावाचा कर म्हणून तेवढेच भरतात.

चौथा_मजला:
एकच कर सुटा काढून न्याय-अन्याय ठरवणे मला योग्य वाटत नाही. पाच लाख मिळवणारा वरच्या टप्प्यावर ३० टक्के आयकर भरतो आणि ५० लाखांच्या पुढे अधिभारही देतो. शिवाय नव्या प्रणालीत व्यवसाय कराची वजावट त्याला मिळत नाही. एकूण भार पाहावा.

हिशेबी_माणूस:
एकूण भारच पाहू या, परंतु मग त्यात अप्रत्यक्ष करही धरावे लागतील. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. पुढे मे २०२० मध्ये, टाळेबंदीत लोकांचे रोजगार गेलेले असताना, केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवला. कच्चे तेल स्वस्त झाल्यामुळे पंपावर लगेच झळ बसली नाही हे खरे, पण जी स्वस्ताई भाजीच्या टेम्पोपर्यंत पोहोचायला हवी होती ती तिजोरीत थांबली. डिझेलवरचा कर उत्पन्न विचारून घेतला जात नाही.

कलम२७६:
चौथा_मजला यांचा मुद्दा वरच्या टोकाला लागू पडतो. मूळ प्रश्न खालच्या टोकाचा आहे, आणि तेथे दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय मुंबईला नाही, कारण किती पगारापासून कर लावायचा हे राज्यच ठरवते. महाराष्ट्राने एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० रुपयांपर्यंत माफी दिली. पुरुषांसाठी मात्र ७,५०० नंतर १७५ आणि १०,००० नंतर २०० हेच टप्पे राहिले. कर्नाटकाने त्याच वर्षी २५,००० पर्यंतची माफी सर्वांना दिली. आपल्याकडे तसे करायला घटनादुरुस्ती नको, विधिमंडळात एक वित्तविधेयक पुरेसे आहे. मार्चच्या अर्थसंकल्पापूर्वी आपल्या आमदारांना एवढी एकच मागणी लिहून पाठवावी, आणि पत्रात त्या रक्षकाच्या पगाराचा १.४ टक्क्यांचा हिशेब जोडावा.