सहस्रचंद्रदर्शन: ८१ दिव्यांच्या औक्षणासाठी मदत हवी आहे

आईचं सहस्रचंद्रदर्शन होमाशिवाय, फक्त औक्षण करून घरीच करायचंय. २९.५३ दिवसांचा चांद्रमास धरला तर हजार पौर्णिमा ८० वर्षं १० महिन्यांच्या सुमारास भरतात, त्यामुळे तारखेचा प्रश्न नाही. अडलंय दिव्यांपाशी.

कणीक हळद घालून घट्ट मळली, दिवे वाफवले, तडकत नाहीत. पण तुपातल्या फुलवाती शेवटची पेटेपर्यंत पहिल्या विझायला लागतात. तेल घातलं तर कणीक ते शोषते, ताट ओशट होतं. दिवे खेटून ठेवले की आचेने मधल्या वाती भडकतात. आईला दमा आहे, त्यामुळे कापूर नको आणि खिडक्या उघड्याच राहतील. मेणाचे दिवे तिला पटणार नाहीत (मलाही नाहीत). पेटवायला चार जण, ताटं दोन.

पंधरा मिनिटं टिकणारी वात कशी वळायची, तूप किती, आणि दोन दिव्यांत अंतर किती ठेवायचं?